हरलेला डाव पुन्हां पाहणें

खेळ आणि अभ्यास हे एकमेकांचे वैरी होत, ही समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत फार खोल रुजलेली आहे. बुद्धिबळाचा पट हा काय तो एक अपवाद. तो मांडलेला दिसला म्हणजे वडील मंडळी रागावत नाहींत. उलट मागें उभी राहून, कोणी न विचारतां, चाल सुचवितात. पण तोच मुलगा हेडफोन लावून संगणकापुढें बसला आणि पाऊण तासांत एकदांहि त्यानें मान वळविली नाहीं, कीं स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत कुरबूर सुरू होते. ही कुरबूर सर्वस्वी निराधार असते असें मी म्हणणार नाहीं. तथापि ज्या वस्तूवर रागवावयाचें ती आधीं नीट पाहून घ्यावी, हा न्याय मुलांप्रमाणें मोठ्यांसहि लागू असावा. म्हणून या लेखांत अशा एका खेळाविषयीं, आणि विशेषेंकरून त्या खेळाच्या पोटांतच ठेवलेल्या शिक्षणसाधनांविषयीं, वाचकांस कांहीं माहिती द्यावी असें योजिलें आहे.

खेळाचें नांव ‘डोटा टू’. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह नांवाच्या कंपनीनें तो ९ जुलै २०१३ रोजीं रीतसर प्रसिद्ध केला. त्याचें मूळ मात्र त्याहून दहा वर्षें जुनें. २००३ सालीं ‘वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्याच एका खेळांत फेरफार करून हौशी मंडळींनीं तो रचला होता. खेळण्यास पैसे पडत नाहींत. पांच जणांचा एक, असे दोन संघ. प्रत्येक जण आपापल्या घरीं, आपापल्या संगणकापुढें. पटाऐवजीं एक चौकोनी मुलूख, त्याच्या मधून तिरपी वाहणारी नदी, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन पक्षांचीं मुख्य ठाणीं, आणि त्यांस जोडणाऱ्या तीन वाटा. वाटांवर बुरूज. दर अर्ध्या मिनिटास दोन्हीं ठाण्यांतून प्रत्येक वाटेनें शिपायांची एक लहान तुकडी आपोआप बाहेर पडते. खेळाडूनें शंभराहून अधिक वीरांपैकीं एक निवडावयाचा. शत्रूच्या शिपायावर जो शेवटचा घाव घालील त्यास सोनें मिळतें. त्या सोन्यांतून शस्त्रें घ्यावयाचीं, वाटेवरचे बुरूज पाडीत जावयाचें, आणि शेवटीं शत्रूचें मुख्य ठाणें जमीनदोस्त करावयाचें.

बुद्धिबळाशीं याचा मोठा भेद आहे तो दृष्टीचा. बुद्धिबळांत दोन्हीं खेळाडूंस सारा पट दिसतो. येथें आपल्या पक्षाचा माणूस, बुरूज किंवा आपण रोवलेला पहारा जेथवर पाहूं शकेल तेवढाच मुलूख उजळ. बाकी सारा धुक्यांत. या रोवावयाच्या पहाऱ्यास खेळाडू ‘वॉर्ड’ म्हणतात. तो सहा मिनिटें टिकतो, मग आपोआप विझतो. चाकणच्या ज्या भुईकोटांत १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेस जवळजवळ दोन महिने दाद दिली नाहीं, तेथला बुरूज शेवटीं उडाला तो जमिनीखालून आलेल्या, न दिसणाऱ्या सुरुंगानें. न दिसलेल्या गोष्टीनें घात होतो, हें या खेळाचें अर्धें शास्त्र आहे.

अनेकांनीं मिळून खेळावयाचा युद्धाचा खेळ ही कल्पना कांहीं परकी नव्हे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास रचविलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें चतुरंगास स्थान आहे. त्याच्याहि आधीं शंभर वर्षें, अल्‌बेरूनीनें हिंदुस्थानांत चौघांनीं फांसे टाकून खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन लिहून ठेविलें. आणि बंगालच्या रघुनंदनाच्या ग्रंथांत त्या चौघांतले दोघे-दोघे एकमेकांचे साथीदार असल्याचें येतें. म्हणजे स्वतःची सोंगटी संभाळतांना सोबत्याची राखणें, ही विद्या आपल्याकडे पूर्वींपासून आहे. दोघांच्या बुद्धिबळांत मात्र फांसे नाहींत, आणि पटावर सोबतीहि नाहीं.

फांशांचें नांव निघालें तेव्हां जुगाराचा प्रश्नहि येथेंच उरकून घेतों, कारण वडील मंडळींच्या मनांत पहिली शंका तीच असते. मनुस्मृतींत द्यूत आणि समाह्वय असे पणाचे दोन प्रकार सांगून राजानें दोन्हींस आळा घालावा असें म्हटलें आहे. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें जो ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा केला त्यांतहि असाच विवेक आहे: पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध, आणि कौशल्याच्या स्पर्धात्मक ई-क्रीडेस निराळी, मान्य अशी जागा. त्यापूर्वीं डिसेंबर २०२२ मध्यें ई-क्रीडा केंद्राच्या क्रीडाखात्याकडे सोंपविली गेलीच होती. डोटा हा दुसऱ्या वर्गांतला खेळ. बर्मिंगहॅम येथें ऑगस्ट २०२२ मध्यें राष्ट्रकुल ई-क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत मोइन एजाज यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या डोटा-संघानें न्यूझीलंडचा पराभव करून कांस्यपदक मिळविलें. पुढील वर्षीं हांग्‌चौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ पदकांसाठीं खेळला गेला, आणि तेथेंहि आपला संघ गेला होता. एक सावधगिरीची सूचना मात्र द्यावयास हवी. वीरांचीं वस्त्रें-भूषणें पैसे देऊन घेतां येतात, आणि त्यांतल्या कांहीं पेट्या अशा असतात कीं आंत काय निघेल तें दैवावर. या भूषणांनीं वीराचें बळ तिळभरहि वाढत नाहीं. हौस मात्र वाढते. त्या पेट्यांपासून मुलांस दूरच ठेवावें.

आतां आमच्या भागाकडे वळूं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हां भोंवतालीं शेतें आणि माळ होता. आज चिंचवड, भोसरी, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची ओळ लागलेली आहे. जो चाकण कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध होता तेथून मोटारी बाहेर पडतात. मोशी, चिखली, तळवडे या बाजूंस खोल्या घेऊन राहणारे, सांगली-सोलापूर-लातुराकडचे तरुण अभियंते तीन पाळ्यांत काम करतात. दुसरी पाळी सुटून खोलीवर येईतों मध्यरात्र होते. त्या वेळीं ना नाटक, ना व्याख्यान, ना कोणाकडे जाणें. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं, म्हणजे जेव्हां पुण्यांतले नातलग आणि मित्र कामावर असतात तेव्हां. अशा माणसांस घरबसल्या चार सोबती मिळवून देणारा खेळ जवळचा वाटला तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें दुसरें. एकच खेळ, तेवढेच तास. पण एक जण दोन वर्षांत कोठून कोठें जातो, आणि दुसरा जेथें होता तेथेंच राहून दिवसेंदिवस चिडका मात्र होतो. हा फरक कशानें पडतो, तें पाहण्यासारखें आहे.

खेळांत शिकण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. नवशिक्यासाठीं पायरीपायरीनें पाठ आहेत, खेळांतल्या शब्दांचा कोश आहे. यांपैकीं बरीचशी भर २०२१ सालीं घातली गेली. यंत्रानें चालविलेले प्रतिस्पर्धी आहेत, आणि ते सौम्यापासून अतिकठोरापर्यंत हवे तसे निवडतां येतात. आखाडाहि आहे: एकट्यानें त्यांत उतरावें, हवा तो वीर घ्यावा, हवें तेवढें सोनें घ्यावें, आणि एकच डाव शंभर वेळां घटवावा. त्यांत हार-जीत नाहीं, कोणाचें नुकसान नाहीं. आमच्या भागांतल्या मोटारींच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसास हा आखाडा ओळखीचा वाटेल. तेथें नव्या कामगारास एकदम चालत्या साखळीवर उभें करीत नाहींत. ‘डोजो’ या जपानी नांवाच्या खोलींत लांकडी किंवा लोखंडी फळीवर तो आधीं नट आवळावयास, तारा जोडावयास, रंगाची बंदूक धरावयास शिकतो. हात बसला म्हणजे मगच पुढें. खेळांतला आखाडा असाच हात बसविण्यासाठीं आहे, आणि शिपायावर शेवटचा घाव नेमक्या क्षणीं घालणें ही गोष्ट हात बसल्याखेरीज साधत नाहीं. तरुण मंडळी या आखाड्याकडे फिरकत नाहींत, कारण त्यांत रंगत नाहीं. पाढ्यांतहि रंगत नसते.

दुसरें साधन म्हणजे ‘गाईड’. हा शब्द खेळांत पाहून मला हसूं आलें, कारण शिक्षकाचें सारें आयुष्य ज्या एका पुस्तकाशीं भांडण्यांत जातें त्याचें नांवहि हेंच. जाणत्या खेळाडूंनीं प्रत्येक वीरासाठीं लिहून ठेवलेलें असतें, कीं आधीं कोणती विद्या वाढवावी, कोणतें शस्त्र केव्हां घ्यावें. आणि तें खेळतां खेळतां पडद्याच्या कडेस दिसत राहतें. मार्च २०१८ पासून कंपनीनें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. ‘डोटा प्लस’ नांवाची, मासिक वर्गणीची सोय निघाली. तींत निरनिराळ्या प्रतींच्या खेळाडूंच्या लक्षावधि डावांचा हिशेब मांडून यंत्रच सल्ला देतें: समोरच्या पक्षानें अमुक वीर घेतले आहेत, तर तुम्ही अमुक घ्या, या घटकेस बहुतेक विजयी खेळाडू हें शस्त्र घेतात. डाव संपल्यावर, तुमचें सोनें आणि तुमचा अनुभव तुमच्याच प्रतीच्या इतरांच्या मानानें कोठें मागें पडला, तेंहि आलेख काढून दाखवितें.

या सल्ल्याची मी निंदा करीत नाहीं. नवख्याच्या दृष्टीनें शंभर दुकानांच्या बाजारांत बोट धरून नेणारा कोणी असणें हें मोठें साहाय्य आहे. पण बोट धरून नेणारा रस्ता दाखवितो. रस्ता कां धरला, तें सांगत नाहीं. बहुतेकांनीं काय केलें हें यंत्रास ठाऊक. आजच्या डावांत समोरचा माणूस घाबरट आहे कीं धाडसी, आपला सोबती थकला आहे कीं रागावला आहे, हें त्यास कोठून ठाऊक असणार? गाईड पाठ करून प्रश्नपत्रिकेस सामोरा गेलेला विद्यार्थी प्रश्न थोडा फिरवून आला कीं लेखणी चावीत बसतो. त्याचेंच हें भावंड. ज्यांनीं वर्षानुवर्षें यंत्राचा सल्ला मुकाट्यानें मानला आणि पुढें सरकले नाहींत, असे कितीतरी खेळाडू आहेत.

सर्वांत मोलाचें साधन फुकट आहे, आणि त्याकडेच फारसें कोणी पाहत नाहीं. त्यास ‘रिप्ले’ म्हणतात. झालेला प्रत्येक डाव कांहीं दिवस कंपनीकडे जसाच्या तसा जपलेला असतो; तो उतरवून घेऊन आरंभापासून पाहतां येतो, मंद गतीनें किंवा भरभर. आणि खरी मौज अशी कीं तो कोणाच्याहि डोळ्यांनीं पाहतां येतो. धुकें ठेवून पाहिलें, तर त्या क्षणीं आपल्यास काय दिसत होतें तें कळतें. धुकें काढून शत्रूच्या बाजूनें पाहिलें, तर आपण नदीकाठीं ऐटींत चाललों असतां झाडाआड तिघे जण आपली वाट पाहत कसे उभे होते, तेंहि दिसतें. आयुष्यांतल्या कोणत्या भांडणाची अशी नोंद आपल्यास मिळते?

माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यांत ‘क्वालिटी’ खात्यांत काम करतो. हा त्याच्या संघांत पांचव्या जागेवर, म्हणजे ‘सपोर्ट’ म्हणून खेळे. त्याची तक्रार एकच. “सर, माझे सोबतीच कच्चे आहेत. मी कितीहि केलें तरी पुढचा माणूस मरतो आणि डाव जातो.” मीं त्यास विचारलें कीं तुझ्या कारखान्यांत सदोष भाग निघाला म्हणजे तूं काय करतोस? तो म्हणाला, पांच वेळां ‘कां’ विचारतों. ही पद्धत जपानच्या टोयोटा कारखान्यांतून निघून आमच्या भागांत चांगलीच मुरली आहे. दोष दिसला कीं माणसाचें नांव घ्यावयाचें नाहीं. कां, असें विचारावयाचें, उत्तर आलें कीं त्याचें पुन्हां कां, असें पांच पायऱ्या खालीं उतरावयाचें. मग हेंच हरलेल्या डावास लावून पाहा, असें मीं सुचविलें.

पुढच्या गुरुवारीं त्यानें तसें केलें, आणि वहींत लिहून काढलें. त्या डावांत तो स्वतः अकरा वेळां मेला होता. त्यांतले सात मृत्यु नदीच्या एकाच वळणावर. कां मेलों? तिघे जण झाडाआडून आले, ते दिसले नाहींत. कां दिसले नाहींत? वळणावर वॉर्ड नव्हता. कां नव्हता? आधींचा विझून दोन मिनिटें झालीं होतीं, नवा रोवला नव्हता. कां रोवला नाहीं? तें काम दुसऱ्या सपोर्टचें आहे असें वाटलें. तसें कां वाटलें? कोणता भाग कोणीं राखावयाचा, हें दोघांनीं आरंभीं एकमेकांस विचारलेंच नव्हतें. पुढच्या माणसाचे मृत्यु त्यानें नंतर तपासले. नऊपैकीं सहा त्याच वळणाच्या आसपास, त्याच अंधारांत झालेले निघाले. ज्या सोबत्यास तो महिनाभर कच्चा म्हणत होता, तो आंधळा झाला होता. आणि त्याचे डोळे विझले होते ते याच्या हातून.

सोबत्यांविषयींच्या या तक्रारीचें एक साधें गणित आहे, तें येथें मांडतों; घरांतल्या मुलांस तें पटण्यासारखें आहे. प्रत्येक डावांत सोबती बहुधा नवे असतात. दैव वाईट असेल तर कच्चा माणूस तुमच्याकडे येतो, चांगलें असेल तर समोर जातो. समोर पांच जागा आहेत. तुमच्याकडे, तुम्हांस वगळून, चारच. म्हणजे तुम्ही स्वतः कच्चे नसाल तर कच्चा माणूस समोर जाण्याचा संभव थोडा अधिकच. शंभर डावांत सोबती चारशें बदलतात. शंभरहि डावांत हजर असणारा माणूस एकच. शंभर डाव, चाळीस मिनिटांचा एक, म्हणजे सहासष्ट तास आणि चाळीस मिनिटें. एवढ्या वेळांत तरुण माणूस व्याकरणाचा एक चांगला ग्रंथ आटोपील. तो वेळ खेळांत गेला याचें मला दुःख नाहीं. त्या शंभरांपैकीं एकहि डाव पुन्हां पाहिला नसेल, तर मात्र आहे. चार डाव खेळण्यापेक्षां दोन खेळून एक पाहावा, असें माझें मत आहे; निदान दमून आलेल्या रात्रीं तरी, कारण पाहणें हें झोप न बिघडवितां होतें.

यावर एक आक्षेप येईल कीं, खेळतां खेळतांच माणूस शिकतो; पाहत बसून कोण शिकला? याचें उत्तर एका यंत्रानेंच देऊन ठेविलें आहे. ओपनएआय या संस्थेनें पांच वीर एकाच वेळीं चालविणारी एक यंत्रबुद्धि तयार केली, आणि १३ एप्रिल २०१९ रोजीं तिनें आदल्या वर्षींच्या जगज्जेत्या ‘ओजी’ संघास ओळीनें दोन डावांत हरविलें. वीरांची निवड ठराविक सतरांतूनच करावयाची अशी मर्यादा तेथें होती, तरी पराक्रम लहान नव्हे. ही यंत्रबुद्धि कोणाचें पाहून शिकली नाहीं. स्वतःशींच खेळून शिकली. पण किती खेळून? संस्थेच्या हिशेबाप्रमाणें दहा महिन्यांत पंचेचाळीस हजार वर्षांचा खेळ. नुसत्या आवृत्तीनें शिकावयाचें तर एवढें आयुष्य हवें. माणसास तेवढें नाहीं. म्हणून त्यास थांबून, मागें वळून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

त्याच प्रयोगांतली दुसरी एक गोष्ट मला अधिक मनोरंजक वाटली. त्या पांच वीरांस शिकवितांना शास्त्रज्ञांनीं एक मात्रा ठेविली होती, आणि तिचें नांव ‘संघभाव’. मात्रा शून्यावर असली कीं प्रत्येक वीर स्वतःच्याच लाभाकडे पाहतो. एकावर आली कीं पांचांच्या सरासरी लाभाकडे. आरंभीं त्यांनीं ती शून्याजवळ ठेविली आणि जसजसें शिक्षण पुढें गेलें तसतशी हळूहळू एकापर्यंत नेली. आधीं ज्यानें त्यानें आपला हात बसवावा, मग पांचांचा संसार करावा. आपल्याकडे मुंजीपासून गृहस्थाश्रमापर्यंतची मांडणी याहून फारशी निराळी नाहीं.

संसार म्हणण्याचें कारण आहे. या पांच जागा समान नाहींत. पहिल्या जागेवरच्या ‘कॅरी’नें सोनें जमवावयाचें, बळ वाढवावयाचें, आणि शेवटीं डाव जिंकून द्यावयाचा. पांचव्यानें शिपायांवरचा शेवटचा घाव त्याच्यासाठीं सोडावयाचा, आपल्या तुटपुंज्या सोन्यांतून सर्वांच्या सोयीच्या वस्तु घ्यावयाच्या, पहारे रोवावयाचे, आणि प्रसंगीं मध्यें पडून स्वतः मरावयाचें. आंकड्यांच्या फळ्यावर त्याचें नांव तळाशीं दिसतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा पांचवा माणूस ओळखूं येईल. थोरला भाऊ गांवीं राहून शेत पाहतो, म्हणून धाकटा पुण्यास अभियंता होतो. आणि धाकट्याच्या पेढ्यांवर थोरल्याचें नांव नसतें. खेळांत निदान एवढें आहे कीं डाव संपल्यावर सोबत्यास शाबासकी देण्याची सोय आहे, आणि प्रत्येकाच्या वर्तनाचाहि एक अंक राखलेला असतो. शिव्या देणाऱ्याचा तो घसरतो, आणि मग त्यास तसलेच सोबती मिळूं लागतात. शिवीगाळ या खेळांत आहे, आणि ती कमी नाहीं. आईबापांनीं मुलाच्या रँकपेक्षां त्याच्या या अंकाची चौकशी करावी. हेराल्डपासून इमॉर्टलपर्यंतचीं आठ पदकें मुलें मोठ्या अभिमानानें सांगतात. हा अंक आपण होऊन सांगत नाहींत.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें पुढें आपल्या खोलींतल्या दोघांसह गुरुवारीं सकाळीं एक हरलेला डाव पाहण्याचा परिपाठ ठेविला. नियम त्यांनींच ठरविले: जो तो स्वतःच्याच चुका सांगेल, दुसऱ्यानें त्या सांगावयाच्या नाहींत, आणि जिंकलेला डाव पाहावयाचा नाहीं, कारण त्यांत सगळेच शहाणे दिसतात. चार महिन्यांत त्याचें पदक एकच पायरी वर गेलें. मृत्यूंची संख्या मात्र अकरावरून पांच-सहावर आली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यांत साखळीवरच्या मुलांशीं आपण कमी ओरडून बोलतों असें त्याच्या वरिष्ठानें त्यास ऐकविलें. खेळाचा आणि त्या बोलण्याचा संबंध किती, हें तोहि सांगत नाहीं आणि मीहि विचारलें नाहीं.

घरांतल्या मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत ठेविली तर बरेंच रण टळेल. हा डाव अर्ध्या तासापासून तासापर्यंत चालतो. तो थांबवितां येतो, पण थोडाच वेळ. इतर नऊ जण आपापल्या गांवीं खोळंबलेले असतात. मध्येंच उठून गेलें तर चार सोबत्यांचा डाव बुडतो, आणि उठणाऱ्यास शिक्षा म्हणून पुढचे कांहीं डाव अशाच पळपुट्यांबरोबर खेळावे लागतात. तेव्हां “आतांच्या आतां ऊठ” ही आज्ञा मुलास अवज्ञेच्या किंवा विश्वासघाताच्या पेंचांत टाकते. जेवणाची वेळ डाव सुरू होण्यापूर्वीं सांगावी, आणि त्या वेळेच्या आधीं तासभर नवा डाव मांडूं नये असा मुलाशीं करार करावा. निगडीच्या प्राधिकरणांतल्या एका घरीं मीं हा करार पाळला जातांना पाहिला. आजी पानें घेण्यापूर्वीं आंतूनच विचारतात, “किती मिनिटें झालीं रे?” नातवानें पस्तीस म्हटलें कीं आमटी पुन्हां तापत ठेवतात, आणि दहा म्हटलें कीं बाकीच्यांचीं पानें वाढून त्याचें ताट झांकून ठेवतात.